सोफोसबुविर-वेल्पाटासविर: मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या घरातून केलेले परीक्षण

सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर ही दोन औषधे एकत्र असलेली गोळी हेपटायटिस सी या यकृताच्या संसर्गावर देतात. माझ्या धाकट्या भावाने मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर या गोळीचा बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला. त्याला बसवलेले मूत्रपिंड माझे आहे. त्यामुळे या औषधाचा प्रत्येक कागद मी त्याच्याइतक्याच काळजीने वाचला, प्रत्येक तपासणीचा आकडा वहीत उतरवला आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवले. गोव्यात डायलिसिसवर असलेल्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या अनेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो आणि त्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. गोळी उत्तम आहे आणि ती घ्यायला घाबरू नये. मात्र मूत्रपिंड बदललेल्या माणसासाठी गोळी म्हणजे निम्मे उपचार. उरलेले निम्मे म्हणजे इतर औषधांशी घातलेला मेळ, रक्तातील औषधाची वेळच्या वेळी तपासणी आणि कोर्स संपल्यानंतरही यकृतावर ठेवलेले लक्ष. हे निम्मे पदरात पडेल की नाही, ते रुग्ण कोणत्या डॉक्टरांकडे आणि कोणत्या प्रयोगशाळेत जातो यावर ठरते.

संसर्ग कसा उघडकीस आला ते सांगणे उपयोगी ठरेल. प्रत्यारोपणापूर्वीच्या तपासण्यांत भावाची हेपटायटिस सीची प्रतिपिंड चाचणी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये शोधणारी चाचणी, निगेटिव्ह होती. प्रत्यारोपणानंतर काही काळाने त्याचे एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, थोडे वर राहू लागले. इतके थोडे, की एखाद्या निरोगी माणसाच्या रिपोर्टवर त्याकडे कोणी पाहिलेही नसते. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी मात्र प्रतिपिंड चाचणीवर न थांबता थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, शोधणारी चाचणी, म्हणजे ज्याला आपण व्हायरल लोड म्हणतो ती, करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली. त्यामागचे कारण त्यांनी नीट समजावले. संसर्ग झाल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागू शकतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या शरीरात ती पुरेशी तयार होतीलच असे नसते. आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच सापडतो. डायलिसिसच्या रुग्णांत एसजीपीटी मुळातच खालच्या पातळीवर असते, त्यामुळे ते नॉर्मल आले म्हणून यकृत सुखरूप आहे असे धरून चालत नाही. विषाणू नेमका कोठून शिरला हे आता सिद्ध करता येणार नाही आणि त्यासाठी मी कोणाकडे बोटही दाखवत नाही. तरी ज्यांचे माणूस सध्या डायलिसिसवर आहे त्यांना एक विनंती करते. नर्स एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे जाताना हातमोजे बदलतात का, रक्त गोठू नये म्हणून द्यायच्या हेपारिनसारखी इंजेक्शने रुग्णांच्या खुर्च्यांपासून दूर, वेगळ्या स्वच्छ जागी तयार करतात का, आणि दोन रुग्णांच्या मध्ये खुर्ची व मशीनचा बाहेरचा भाग पुसतात का, एवढे तरी पाहत जा. डायलिसिस केंद्रात हा विषाणू पसरतो तो बहुतेक वेळा अशाच साध्या गोष्टींत झालेल्या हयगयीमुळे.

विषाणू आहे पण त्रास काहीच नाही, मग औषध कशाला, असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनीही विचारले. प्रश्न गैर नव्हता, कारण हेपटायटिस सी वर्षानुवर्षे मुकाट राहतो. पण प्रतिकारशक्ती दाबलेली असताना यकृतात तंतू साठण्याचा, म्हणजे फायब्रोसिसचा, वेग वाढतो आणि सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याची अवस्था, लवकर गाठली जाऊ शकते. क्वचित प्रसंगी प्रत्यारोपणानंतर या संसर्गाचा एक उग्र प्रकार उद्भवतो, ज्यात कावीळ वाढत जाऊन काही महिन्यांत यकृत निकामी होते. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा विषाणू यकृतापुरता थांबत नाही. त्यामुळे बसवलेल्या मूत्रपिंडाच्या गाळण्यांना सूज येऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागू शकतात, प्रत्यारोपणानंतर मधुमेह होण्याची शक्यता वाढते आणि उपचार न केलेल्या रुग्णांत मूत्रपिंड टिकण्याचा काळही कमी भरतो. हे ऐकल्यावर घरात पुन्हा तो प्रश्न निघाला नाही.

पूर्वी या रुग्णांची अवस्था फार बिकट होती. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यानंतर कित्येक वर्षे इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाविरिनच्या गोळ्या हाच उपचार होता. इंटरफेरॉन प्रतिकारशक्तीला चेतवते, म्हणून मूत्रपिंड बदललेल्या माणसाला ते दिल्यास शरीर नवे मूत्रपिंड नाकारण्याचा धोका असे. परिणामी डॉक्टरांना बहुधा नुसते पाहत राहावे लागे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. तेथे बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४,००० डॉलर ठेवली होती, म्हणजे एक गोळी हजार डॉलरची. आपल्यासाठी दार उघडले ते २०१४ साली, जेव्हा मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना जेनेरिक गोळी तयार करण्याचा परवाना दिला. वेल्पाटासविरसह एकत्र गोळी २०१६ मध्ये आली. ती विषाणूच्या सहाही मुख्य प्रकारांवर चालते. भारतात प्रकार ३ आणि प्रकार १ अधिक आढळतात आणि पूर्वी प्रकार पाहूनच औषध ठरवावे लागे. आता सिरोसिस नसलेल्या बहुतेक रुग्णांना त्या वेगळ्या चाचणीची गरज राहिलेली नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या ११४ रुग्णांवर युरोपात सोफोसबुविर आणि लेडिपासविर या जोडगोळीचा अभ्यास झाला होता. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, आणि बारा आठवड्यांच्या व चोवीस आठवड्यांच्या अशा दोन्ही गटांत विषाणू नाहीसा झाला होता. भावाच्या डॉक्टरांनी या अभ्यासाबद्दल सांगितल्यावर आम्हाला खरा धीर आला.

आता प्रत्यक्ष गोळीविषयी. एका बाटलीत २८ गोळ्या असतात आणि तीन बाटल्यांत कोर्स पूर्ण होतो. प्रत्येक गोळीत ४०० मिलिग्रॅम सोफोसबुविर आणि १०० मिलिग्रॅम वेल्पाटासविर असते. दिवसातून एकच गोळी रोज त्याच वेळी घ्यायची, जेवणाआधी किंवा जेवणानंतर कशीही चालते. बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातील पुस्तकांनाही बुरशी धरते, तेव्हा गोळ्या बाटलीतून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नयेत. भावाच्या बाकीच्या गोळ्या डबीत असत, ही बाटली तेवढी वेगळी. त्याला पहिले काही दिवस डोके जड वाटले आणि थकवा आला, पुढे तो त्रास राहिला नाही. इंटरफेरॉनच्या काळात रुग्ण ताप, अंगदुखी आणि खिन्नतेने कसे खचत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोळीचे सौम्यपण पटकन पटेल. मूत्रपिंडाचे कार्य कमी असले तरी ती देता येते. पूर्वी याबद्दल डॉक्टर बिचकत, पण २०१९ साली अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात बदल होऊन डायलिसिसवरील रुग्णांनाही ती देण्यास मान्यता मिळाली.

पहिली अडचण आली ती पोटातील आम्लाची. वेल्पाटासविर शरीरात शोषले जाण्यासाठी जठरात आम्ल असावे लागते, आणि प्रत्यारोपण झालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला स्टेरॉइडमुळे पोट बिघडू नये म्हणून पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल यांपैकी काहीतरी चालू असते. ही औषधे आम्ल इतके कमी करतात की हेपटायटिसची गोळी पुरेशी शोषली जात नाही आणि कोर्स वाया जाण्याची भीती असते. भावाच्या यकृताच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत प्रिस्क्रिप्शनवरील पँटोप्राझोलभोवती गोल काढला आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलून ते बंद केले. ज्यांना असे औषध घेणे भागच असते, त्यांनी हेपटायटिसची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, आम्लाचे औषध कमी मात्रेत आणि त्यानंतर चार तासांनी घ्यावे, असा नियम आहे. साध्या अँटासिडलाही चार तासांचे अंतर लागते. आपल्या घरांत ॲसिडिटीची पूड पाण्यात टाकून पिणे ही इतकी सवयीची गोष्ट आहे की तिला कोणी औषध समजतच नाही, आणि डॉक्टरांनी विचारले तरी ती कोणी सांगत नाही. आईने स्वयंपाकघरातील त्या पुड्या कोर्स संपेपर्यंत उचलून ठेवल्या, ते बरेच झाले. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, हृदयाचे ठोके नियमित करणारे अमिओडारोन, ही औषधे चालू असतील तर कोर्स सुरू करण्यापूर्वी ती डॉक्टरांना आवर्जून सांगितलीच पाहिजेत.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट टॅक्रोलिमसची. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून भाऊ हे औषध सकाळी आणि रात्री घेतो. रक्तातील त्याचे प्रमाण फार वाढले तर मूत्रपिंडालाच इजा होते आणि फार घसरले तर शरीर मूत्रपिंड नाकारू लागते. म्हणून ‘टॅक्रो लेव्हल’ हा शब्द प्रत्यारोपण झालेल्या घरात मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या क्रिएटिनिनइतकाच रोजचा असतो. सोफोसबुविर-वेल्पाटासविरचे टॅक्रोलिमसशी थेट वैर नाही, दोन्ही बरोबर घेता येतात. पण टॅक्रोलिमसचा निचरा यकृत करते. विषाणूने आजारी असलेले यकृत तो निचरा संथपणे करत असते. गोळी लागू पडून यकृत सुधारू लागले की तेच काम ते झपाट्याने करू लागते आणि काल पुरेशी असलेली मात्रा आज कमी पडते. म्हणजे उपचार यशस्वी होत असल्यामुळेच मूत्रपिंड धोक्यात येऊ शकते. भावाच्या बाबतीत नेमके हेच घडले. विषाणूचा आकडा खाली आला, एसजीपीटी नॉर्मल झाले, घरात सगळे खुशीत होते आणि त्याच सुमारास लेव्हल घसरली. डॉक्टरांनी ठरावीक अंतराने लेव्हल करण्याचा आग्रह धरला होता, म्हणून ते वेळीच कळले, मात्रा वाढवली गेली आणि क्रिएटिनिन जागेवर राहिले. जे डॉक्टर हा कोर्स लिहून देतात आणि ‘बारा आठवड्यांनी या’ एवढेच सांगतात, त्यांच्याकडे मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाने समाधान मानू नये, असे मी अगदी स्पष्ट लिहिते.

लेव्हलचे रक्त केव्हा काढायचे याचा नियम आहे. रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी ते काढावे लागते. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. सकाळच्या कदंबा बसने निघायचे, भावाच्या खिशात सकाळची गोळी कागदात गुंडाळलेली, रक्त दिल्यावर तिथल्याच बाकावर पाण्याबरोबर ती घ्यायची आणि मगच नाश्त्याला उठायचे, असा आमचा क्रम होता. एका खासगी प्रयोगशाळेत मात्र रक्त घेणाऱ्या मुलाने गोळी घेतली की नाही हे विचारलेच नाही. आमच्या पुढे उभ्या असलेल्या वयस्क गृहस्थांनी तर गोळी घेऊन आल्याचे आपणहून सांगितले, तरी त्यांचेही रक्त घेतले गेले. अशा नमुन्यातील आकडा खोटा उंच येतो, आणि त्यावर विसंबून मात्रा कमी केली गेली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. मी तेव्हा त्यांना थांबवून समजावले आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी यायचे ठरवले. त्यानंतर आम्ही ती प्रयोगशाळा सोडली. दुसरीकडे नमुन्याच्या चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ लिहून घेतात, आणि माझ्या मते प्रयोगशाळा निवडताना तिच्या चकचकीत प्रतीक्षागृहापेक्षा हाच एक निकष पाहावा.

कोर्स सुरू करण्यापूर्वी हेपटायटिस बीची तपासणी झाली पाहिजे, केवळ सध्याचा संसर्ग दाखवणाऱ्या एचबीएसएजीची नव्हे तर पूर्वी होऊन गेलेला संसर्गही दाखवणाऱ्या कोअर प्रतिपिंडाचीही. सी विषाणू गेल्यावर शरीरात दबून राहिलेला बी विषाणू उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली याबद्दलचा इशारा माहितीपत्रकात चौकटीत छापणे सक्तीचे केले.

औषध मिळण्याविषयी सांगायचे तर, २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या सरकारी इस्पितळांतून मोफत दिल्या जातात. ज्यांचे यकृत साधारण बरे आहे अशांना जिल्हा पातळीवर औषध मिळते, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा प्रत्यारोपण असलेल्या गुंतागुंतीच्या रुग्णांना मोठ्या केंद्राकडे पाठवतात. तिथे रांग असते, कागद पुन्हा पुन्हा मागतात आणि एकाच खिडकीवर काम उरकत नाही. पण आम्हाला भेटलेल्या समुपदेशक बाईंनी भावाची सगळी औषधे एका तक्त्यावर लिहून घेतली आणि प्रत्येक बाटली देताना मागची रिकामी बाटली पाहिली. हे काम मी कोणत्याही खासगी फार्मसीत पाहिलेले नाही. तिथे गोळी लगेच मिळते, पण बरोबर पँटोप्राझोल चालू आहे का, हे कोणी विचारत नाही. ज्यांना परवडते त्यांनाही मी सरकारी कार्यक्रमात नाव नोंदवा असेच सांगेन, कारण तिथे नोंद राहते आणि पुढच्या तपासणीसाठी फोन येतो.

कोर्स संपला म्हणजे बरे झालो असे नसते. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करतात. तेव्हा विषाणू आढळला नाही तरच तो गेला असे मानतात. भावाचा तो रिपोर्ट निर्मळ आला. पण प्रतिपिंड चाचणी यापुढेही पॉझिटिव्ह येत राहू शकते, आणि ती प्रतिपिंडे पुन्हा होणाऱ्या संसर्गापासून रक्षणही करत नाहीत. यामुळे एक वेगळाच जाच सुरू होतो. एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात जुना प्रतिपिंड रिपोर्ट पाहून भावाला सर्वांत शेवटी बसवले गेले आणि त्याच्याशी बोलण्याची रीतही बदलली. त्यानंतर तो फाइलच्या पहिल्या पानावरच आरएनएचा शेवटचा रिपोर्ट लावतो. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच स्वच्छता पाळायची असते, तेव्हा या वागणुकीला वैद्यकीय आधार नाही.

यकृताचे काय झाले, हा प्रश्न विषाणू गेल्यावरही उरतो. त्यासाठी यकृत किती कडक झाले आहे ते मोजणारा फायब्रोस्कॅन करतात. किमान तीन तास उपाशीपोटी जायचे, उजव्या बरगड्यांवर उपकरण टेकवतात, टकटक असे हलके धक्के जाणवतात आणि काही मिनिटांत किलोपास्कलमध्ये आकडा मिळतो. तो साधारण साडेबारापलीकडे असेल तर सिरोसिसचा संशय घेतात. यकृताला सूज असताना आकडा वाढीव येऊ शकतो, म्हणून कोर्सपूर्वीच्या एकाच आकड्याने खचून जाऊ नये. भावाचा आकडा उपचारानंतर खाली आला. पण ज्यांना सिरोसिस झालेला आहे त्यांच्या यकृतात कर्करोग होण्याचा धोका विषाणू गेल्यावरही राहतो, म्हणून त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची असते. विषाणू गेला म्हणून ती बंद केलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून काळजी वाटते.

बाकीचे घरातच सांभाळायचे असते. उन्हाळ्यात काजूची भट्टी लागली की हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू, घरोघरी येतो आणि ‘एका पेल्याने काय होते’ म्हणणारे पाहुणेही येतात. यकृताला इजा झालेल्या माणसाने त्या एका पेल्यालाही नाही म्हणायचे असते, आणि हे नाही म्हणण्याचे काम रुग्णावर न टाकता घरच्यांनी करावे. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. शिवाय ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, त्याला ती वाढवण्याचा दावा करणारा काढा देणे मुळातच उलटे आहे. चवथीला माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीत, बांधलेले पपनस नंतर सोलून सगळ्यांना वाटतात. त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढू शकते, म्हणून भावाच्या ताटात त्या फोडी पडत नाहीत.

उत्पादनाविषयी माझी एकच तक्रार आहे, आणि ती निरनिराळ्या कंपन्यांच्या ज्या ज्या बाटल्या मी पाहिल्या त्या सगळ्यांविषयी आहे. आतले माहितीपत्रक इंग्रजीत, इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या घड्यांत असते की आमच्या आईसारख्या माणसाला त्यातून काहीही हाती लागत नाही. आम्लाच्या औषधाचे अंतर, चालू असलेली सर्व औषधे सांगण्याची गरज, प्रत्यारोपण झालेल्यांनी करायची लेव्हल आणि बारा आठवड्यांनंतरची तपासणी, एवढ्या चारच ओळी मराठीत आणि कोकणीत छापून बाटलीबरोबर द्यायला फारसा खर्च येणार नाही. कंपन्यांनी ते केले नाही तर गोव्यातील इस्पितळांच्या औषध खिडक्यांवरून असा कागद द्यावा, अशी विनंती मी आरोग्य खात्याला लेखी केली आहे. ज्या घरांत हा कोर्स चालू आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनीही ती करावी.